सल्ले पोहोचले, आता पत्ता बदला

सिव्हिल लाइन्स, झाशी

‘मोबाइल आणि मुलं’ या विषयावर मराठीत व्याख्यानं देणारे, पुरवण्यांत सदरं लिहिणारे आणि यूट्यूबवरून पालकांना समजावणारे सर्व समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ व लेखक यांना,



तुम्ही मला ओळखत नाही, मी मात्र तुम्हाला चांगलीच ओळखते. झाशीत आमच्या दारात मराठी वर्तमानपत्र पडत नाही, तरी तुमचा लेख म्हणून चुकत नाही. पुण्याहून नणंद पाठवते, नागपूरहून मावशी पाठवते, ग्वाल्हेरची भाची तर दीड तासाचं अख्खं व्याख्यान पाठवते. खाली एक ओळ ठरलेली: ‘नक्की बघ, तुझ्यासाठीच आहे.’ माझा मुलगा दहावीत आहे आणि मुलगी आठवीत, एवढ्या पुराव्यावर माझ्यावरचा आरोप सिद्ध होतो.

तुमच्याबद्दल आदर आहे, हे आधीच सांगते. वयात येणाऱ्या मुलांच्या मनाबद्दल इतक्या सोप्या मराठीत बोलणारी माणसं आमच्या आयांना मिळाली नव्हती. पण अलीकडे तुमचं ऐकताना काहीतरी खटकत राहतं, आणि ते मनात ठेवण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

खटकतं ते असं. तुमच्या प्रत्येक सल्ल्यावर पत्ता एकच असतो, आमच्या घराचा. त्यातही घेणारी व्यक्ती ठरलेली, आई. मुलांशी संवाद साधा. जेवताना फोन बाजूला ठेवा. आधी स्वतःचा फोन कमी करा. छंद लावा. मैदानावर पाठवा. यातलं चूक काहीच नाही. पण हे सगळं करूनही आठवड्याभरात घरात तेच भांडण पुन्हा उभं राहतं. मग तुमचा पुढचा लेख येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की पालकांमध्ये सातत्य हवं.

सातत्य नेमकं कुठे मोडतं, ते दाखवते. रात्रीचे पावणेदहा. जेवणं झालेली, फोन ठरल्याप्रमाणे दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवलेले. दहावीच्या ग्रुपवर विज्ञानाच्या मॅडमचा फोटो येतो. फळ्याचा फोटो, तिरका काढलेला, खिडकीच्या उजेडानं अर्धा पुसला गेलेला. खाली मजकूर: ‘कल कॉपी चेक होगी.’ त्याखाली एकामागून एक ‘ओके मॅम’, ‘जी मॅम’, जोडलेले हात. मुलगा कपाटावरून माझा फोन काढतो. त्याला नाही कसं म्हणणार? तो फोटो बोटांनी मोठा करून आकृती उतरवायला बसतो. शेवटच्या दोन ओळी लागत नाहीत म्हणून मित्राला विचारतो. मित्र ओळी पाठवतो आणि त्यांच्या मागोमाग एक रील. सव्वाअकराला वही बंद होते, फोन होत नाही.

याच शाळेच्या पालकसभेत आम्हाला सांगितलं गेलं, ‘आप लोग बच्चों को मोबाइल मत दीजिए.’ शाळेचं नाव लिहीत नाही. माझ्या मुलांना अजून तिथे शिकायचं आहे. सभेत कोणीतरी हळूच विचारलं की मग गृहपाठ डायरीतच लिहून द्याल का. उत्तर आलं की ग्रुपमुळे पालकांना ‘सुविधा’ होते. ही सुविधा करोनात आली. तेव्हा खरंच दुसरा मार्ग नव्हता, आणि शिक्षकांनी त्या काळात केलेले कष्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण शाळा पुन्हा भरू लागल्या, बाकांवर मुलं बसली, फळा समोर आला, तरी गृहपाठ काही फोनमधून बाहेर आला नाही. कोचिंगवाले त्याच्याही पुढे गेलेत. लेक्चर ॲपवर, सराव परीक्षा ॲपवर, शंका टेलिग्रामवर, आणि फी भरायची आठवण आईच्या व्हॉट्सॲपवर.

तुमच्यापैकी किती जणांनी एखाद्या मुख्याध्यापकाला समोर बसवून विचारलं आहे की रात्री नऊनंतर गृहपाठ का जातो? शाळा तुम्हाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, सभागृहात आम्हाला गोळा करतात, आणि तुम्ही आम्हाला झापून परतता. ज्यांनी बोलावलं त्यांना चार शब्द सुनावणं अवघड असतं, हे कळतं मला. पण मग निदान आमच्याच गळ्यात सगळं बांधू नका.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४चा अहवाल तुम्ही पाहिलाच असेल. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवून मुलांना नावं ठेवतात. मला त्यात वेगळंच दिसतं: दोन्ही कामं त्याच काचेवर, त्याच आठवड्यात, बहुतेक वेळा त्याच बैठकीत होत असणार. आणि स्वतःचा फोन असणारी मुलं? फोन वापरू शकणाऱ्या चौदा वर्षांच्यांत २७ टक्के, सोळा वर्षांच्यांत सुमारे ३८. म्हणजे बहुतेकांच्या हातात घरातल्या कुणाचा तरी फोन असतो. ‘रात्री मुलाचा फोन जमा करून घ्या’ हा तुमचा आवडता सल्ला इथे लटका पडतो. माझ्याकडून माझाच फोन मी कसा जमा करून घेऊ? त्याच्यावर बँकेचा ओटीपी येतो, गॅसचा नंबर लागतो आणि सासऱ्यांच्या तपासणीचे रिपोर्टही त्यावरच येतात.

मैदानाचंही सांगते, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर चित्र येईल. सिव्हिल लाइन्स म्हटलं की लोकांना जुने बंगले, रुंद रस्ते आणि कडुनिंबाची सावली आठवते. ती थोडीबहुत आहेही. ध्यानचंदांचं हे गाव, मुलांनी हॉकी खेळावी असं आम्हाला वाटत नसेल का? पण मे महिन्यात झाशीचा पारा ४५च्या पुढे जातो. सकाळी दहापासून लू सुटते आणि सात वाजेपर्यंत पोरांना दाराबाहेर काढणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण. शाळांना सुट्टी नेमकी तेव्हाच. पुण्यात बसून ‘सुट्टीत मुलांना मोकळ्यावर सोडा’ असं लिहिणाऱ्यानं एकदा दुपारी दोनला आमच्या गल्लीत पाय ठेवावा.

तुमच्या मिनिटांच्या हिशेबाशीही माझं भांडण आहे. ‘दिवसाला दोन तास’ हा आकडा अजून व्याख्यानांतून फिरतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मोठ्या मुलांसाठी असा ठराविक आकडा सांगणं २०१६ मध्येच सोडून दिलं. आमच्यासारख्या घरात तो आकडा मुळातच फसवा आहे. पिढ्यान् पिढ्या झाशीत राहिलेली मराठी घरं आहेत, आणि रेल्वेत किंवा फौजेत बदली होऊन इथे येऊन राहिलेलीही. मुलांची शाळा इंग्रजीत, खेळ हिंदीत, आणि मराठी उरते ती आजीच्या व्हिडिओ कॉलमध्ये. माझी मुलगी आजीला फोनवर पुरणपोळीची कणीक दाखवते आणि ‘अगं, अजून सैल हवी’ हे ऐकते. ती चाळीस मिनिटं आणि झोप येईपर्यंत अंगठ्यानं वर ढकललेल्या रील्सची चाळीस मिनिटं तुमच्या तक्त्यात एकाच रकान्यात पडतात. तुम्ही तज्ज्ञ आहात ना, मग हा फरक आम्हाला नीट करून सांगा. मूल फोनवर किती वेळ होतं याहून तिथे ते काय करत होतं आणि झोप किती झाली, हे विचारायला शिकवा.

आता मोहित्यांच्या वडगावबद्दल. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातल्या काहींनी ती दोन ओळींत वापरूनही टाकली आहे. मला ती दोन ओळींची वाटत नाही. सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. ऊसशेती करणारी, साखर कारखान्यात काम करणारी माणसं. करोनात मुलांच्या हातात फोन आले, शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा गावातल्या पुरुषांनी थट्टा केली. मग ग्रामपंचायतीने बायकांना बोलावलं. आपणही मालिका जास्त बघतो हे त्यांनी मान्य केलं आणि बंद ठेवायचं तर सगळ्या गावानं, असं ठरलं. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून देवळावरचा भोंगा रोज संध्याकाळी सातला वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. सुरुवातीला पंचायतीची माणसं आणि गावकरी घरोघर फिरून सांगत होते.

यात मला महत्त्वाचा वाटतो तो दीड तास नाही, भोंगाही नाही. त्या गावात कुठल्याही आईला एकटीनं मुलाच्या हातातून फोन काढून घ्यावा लागला नाही. ‘त्याच्या घरी चालतं, मग माझ्याच का नाही?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं: त्याच्या घरीही नाही चालत. दहावीतल्या मुलासमोर याहून भक्कम उत्तर नाही. आणि मुख्य म्हणजे त्या वेळेत शिक्षक गृहपाठ पाठवत बसले असते तर भोंगा पहिल्याच आठवड्यात बंद पडला असता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. दोन्ही बातम्या एकाच कौतुकानं छापल्या गेल्या. मला त्या एका माळेतल्या वाटत नाहीत. वडगावात मोठ्यांनी स्वतःला नियम लावला, बांसीच्या ठरावात तो फक्त लहानांना लागला. तुमच्यापैकी कोणी दोन्ही गावांत जाऊन, आठ-पंधरा दिवस राहून, आता तिथे काय टिकलंय ते लिहिलं, तर ते वाचायला मी पैसे मोजीन. उद्घाटनाच्या बातम्या पुष्कळ झाल्या.

‘सिव्हिल लाइन्समध्ये कसला भोंगा वाजवणार?’ असं विचाराल. नाहीच वाजवता येणार. इथे शेजारी एकमेकांच्या फाटकाआत क्वचित जातात. इथे गावाची जागा शाळेनेच घेतली आहे. चाळीस घरांना एकाच वेळी बांधणारी दुसरी संस्था आमच्याकडे नाही. एका वर्गाच्या शिक्षिकेनं ‘संध्याकाळी सातनंतर ग्रुप बंद, गृहपाठ डायरीत’ एवढं ठरवलं तर तुमच्या दहा व्याख्यानांचं काम होईल. म्हणून तर शाळेला बोला असं कळवळून सांगतेय.

दुसरी विनंती एका शब्दाबद्दल. ‘व्यसन’. व्याख्यानाच्या जाहिरातीवर तो लाल अक्षरात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११मध्ये, गेमिंगचा विकार आहे. त्याचं निदान करण्यासाठी सर्वसाधारणपणे वर्षभर लक्षणं दिसायला हवीत, आणि अभ्यास, नाती अशा महत्त्वाच्या गोष्टींवर गंभीर परिणाम झालेला असायला हवा. समाजमाध्यमांचं व्यसन असा स्वतंत्र आजार त्या यादीत नाही. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून ‘शट’ क्लिनिक आहे, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही या प्रश्नावर काम करतं. ती मुलं थोडी आहेत आणि त्यांना उपचार हवेत. उरलेल्यांच्या आयांना व्यसनी मुलाची आई म्हणून रात्रभर जागवू नका. घाबरलेली आई एकच गोष्ट करते, फोन हिसकावते.

आणि हिसकावण्याचा सगळ्यात मोठा फटका मुलींना बसतो, याबद्दल तुम्ही फार कमी बोलता. ‘असर’मध्येही मुलांपेक्षा मुलींकडे स्वतःचा फोन कमी आढळला, ३६ला २७ टक्के. आमच्या बुंदेलखंडात मुलीच्या हातचा फोन म्हणजे घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. एखाद्या अनोळखी खात्यावरून घाण मेसेज आला, कोणी फोटोत खाडाखोड करून धमकी दिली, तर मुलगी घरी सांगत नाही. सांगितलं की फोन गेला, आणि कधी कधी फोनच्या मागोमाग शाळाही. धमकी देणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. त्याचा सगळा धंदाच तिच्या गप्प बसण्यावर चालतो. ओळखीतल्या एका घरात असंच झालं. मुलीनं सांगितलं, वडिलांनी फोन फरशीवर आपटला, आणि धमकीचे सगळे पुरावे त्या फोनबरोबर गेले.

तुमच्या दीड तासाच्या व्याख्यानातली पंधरा मिनिटं यासाठी द्या. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते, हे सांगा. १०९८ हा मुलांचा नंबर आहे, पैशाची फसवणूक झाली तर १९३०, आणि मन फारच बिघडलं तर टेली-मानसचा १४४१६, हे फळ्यावर लिहा. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठरा वर्षांखालच्या मुलांची नग्न किंवा लैंगिक स्वरूपाची छायाचित्रं काही मोठ्या माध्यमांवरून हटवायला मदत करते आणि त्यासाठी मूळ छायाचित्र कोणाला पाठवावं लागत नाही, हे किती पालकांना माहीत आहे? सगळ्यात आधी बापांना सांगा: मुलीनं येऊन सांगितलं तर फोनला हात लावायचा नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे आणि तिच्या बाजूला बसायचं. बाप व्याख्यानाला येत नाहीत म्हणाल. मग रविवारी सकाळी ठेवा, आणि निमंत्रणावर ‘पालक’ लिहिण्याऐवजी ‘वडील’ लिहा.

कंपन्यांचं नाव तुमच्या तोंडी इतकं कमी का येतं, हेही मला कळत नाही. न संपणारी रील्सची रांग काही माझ्या स्वयंपाकघरात तयार झाली नाही. ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी करणारा कायदा २०२४ मध्ये केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. ती बंदी बरी की वाईट, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. मुलं जन्मवर्ष खोटं टाकण्यात आपल्यापेक्षा हुशार असतात. पण त्या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आईबापांना नाही, मुलांनाही नाही. जबाबदारी कुठे ठेवायची, हे त्यांनी कागदावर ठरवलं.

आपल्याकडेही २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्ष मिळालं. ती मुदत संपल्यावर आमच्यासमोर ‘मान्य आहे’ अशी बटणं येतील आणि आम्ही घाईत ती दाबत सुटू. तेव्हा काय वाचायचं, कुठे नाही म्हणायचं, तक्रार कुठे करायची, हे सांगणारा एक तरी मराठी लेख आत्ता लिहून ठेवा. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरांसाठीची खाती आणली, सोळाच्या आतल्या मुलाला त्यातली बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. ही सेटिंग्ज कुठे असतात, हे मला माझ्या मुलीनं दाखवलं. तुमच्याकडून कळायला हवं होतं.

तर मागणं असं. यंदाच्या व्याख्यानमालांत एक व्याख्यान फक्त मुख्याध्यापकांसाठी आणि कोचिंग चालवणाऱ्यांसाठी ठेवा, पालकांना आत सोडूच नका. एक पानाचा अर्ज तयार करून द्या, साध्या भाषेत, मराठीत आणि हिंदीत: सातनंतर ग्रुपवर काही नको, गृहपाठ वर्गातच डायरीत, फळ्याचे फोटो बंद. तज्ज्ञाची सही असलेला कागद शाळा वाचते, आईचा मेसेज वाचत नाही. चाळीस पालकांच्या सह्या मी गोळा करते.

आणि गणेशोत्सवात झाशीला या. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस थेट येते, नागपूरहून तर गाड्यांना तोटा नाही. राहायची-जेवायची सोय आमच्याकडे. झाशीतल्या मराठी घरांना कळवण्याचं काम माझं, आणि मुख्याध्यापकांना पहिल्या रांगेत बसवण्याचंही. फक्त त्या दिवशी बोलताना आमच्याकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहून बोला. तारीख कळवा.

आपली विश्वासू,
एक आई
सिव्हिल लाइन्स, झाशी